युद्धाची रसद आणि लोहमार्गावरील कामगार

लढायांचा इतिहास वाचताना आपली नजर नेहमी सेनापतीच्या घोड्याकडे जाते. कोणी कोठून हल्ला केला, कोणाची फळी फुटली, कोणी माघार घेतली, हे सारे आपण शाळेत तोंडपाठ करतो. परंतु त्या फौजेला त्या दिवशी भाकरी कोणी पोहोचविली, दारूगोळा कोणाच्या पाठीवरून आला, हा प्रश्न क्रमिक पुस्तकांत क्वचितच विचारलेला असतो. आम्ही कामगार चळवळीत वावरणारी माणसे. इतिहासाचे पान उघडले की हाच प्रश्न आम्हांला आधी सुचतो. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे.

सोनईला आगगाडीचे स्टेशन नाही. राहुरी किंवा वांबोरी गाठावी, तेव्हा कोठे रूळ दिसतात. तो दौंड–मनमाडचा मार्ग. आपल्यापैकी पुष्कळांनी त्यावरून प्रवास केला असेल, कांदा-गूळ पाठविला असेल, मुलाला फौजेत भरती होण्यासाठी निरोप दिला असेल. हा मार्ग कोणी बांधला, कोणत्या मजुरीवर बांधला, आणि त्याच्यासारख्या मार्गांनी युद्धाची रीतच कशी बदलून टाकली, याचा विचार आज करावयाचा आहे.

आगगाडी येण्यापूर्वी रसद म्हणजे बैल. पानिपतावर १७६०–६१ च्या हिवाळ्यात भाऊसाहेबांच्या छावणीची रसद तुटली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी फौज लढावयास बाहेर पडली, हे आपण जाणतोच. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी, १८०३ च्या ऑगस्टमध्ये, जनरल वेलस्ली नगरच्या किल्ल्यापुढे आला. १२ ऑगस्टला किल्ला त्याच्या हाती पडला, आणि पुढे २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. नगरचा किल्ला त्याला हवा होता तो मुख्यतः कोठार म्हणून. धान्य आणि दारूगोळा येथे ठेवावा आणि येथून गोदावरीपार पुढे न्यावा, असा त्याचा हिशेब होता. हे सारे वाहून नेणारे होते वंजारी-लमाणांचे तांडे आणि मैसुराकडून आणलेले बैल. वेलस्लीचे नाव इंग्लंडात अजरामर झाले. तांड्याच्या नायकांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

बैलाच्या रसदेला एक अंगभूत मर्यादा असते. बैल स्वतः खातो, हाकणारा खातो, राखणदार खातो. वाट जितकी लांब, तितका पाठीवरल्या धान्याचा वाटा वाटेतच संपतो. पावसाळ्यात काळी माती पायांना धरून ठेवते. म्हणून दसऱ्याला सीमोल्लंघन करावयाचे आणि मृगापूर्वी घरी परतावयाचे, अशी युद्धाची वहिवाट पडली होती. फौजेचे वेळापत्रक पंचांग ठरवीत असे. ही मर्यादा लोखंडाच्या रुळाने मोडली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही २१ मैलांची पहिली गाडी धावली. त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसी याने लोहमार्गांविषयीचे आपले सुप्रसिद्ध टिपण लिहिले. त्यात व्यापाराचे लाभ आहेतच; पण फौजा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जलद हलविता येतील, हा लाभ त्याने ठळकपणे मांडला आहे. म्हणजे आपल्याकडील लोहमार्गाच्या कुंडलीत लष्कराचा ग्रह जन्मापासूनच बसला होता.

दोनच वर्षांनी क्रिमियात या विचाराची परीक्षा झाली. सेबास्टोपोलसमोर इंग्रजी फौज १८५४–५५ च्या हिवाळ्यात थंडीने आणि उपासमारीने मरत होती, आणि तिचे कपडे व धान्य बालाक्लावाच्या बंदरात पडून होते. बंदर ते छावणी अंतर अवघे सात-आठ मैल. पण त्यात गुडघाभर चिखल. अखेर इंग्लंडातून रेल्वेच्या ठेकेदारांनी आपले मजूर नेले आणि काही आठवड्यांत तेथे रूळ टाकले. सैनिकांना जे जमले नव्हते, ते खोरे-कुदळ घेतलेल्या मजुरांनी करून दाखविले. केवळ युद्धासाठी बांधलेल्या लोहमार्गाचे हे पहिले मोठे उदाहरण.

इकडे आपल्या सह्याद्रीत बोरघाट फोडण्याचे काम १८५६ पासून सुरू झाले होते. १८६१ साली त्या कामावर ४२ हजारांहून अधिक माणसे होती. पटकी आणि ताप यांनी त्यांची छावणीच्या छावणी ओस पडे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगा झाला, आणि त्या वेळच्या ठेकेदाराला पुढे ते काम सोडावे लागले. १८६३ साली घाट खुला झाला, १८६५ साली थळघाट. आता मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली पलटण दख्खनच्या पठारावर चढविण्यास बैलांची गरज उरली नाही.

दोन्ही घाट झाले तरी एक उणीव होती. एक फाटा पुणे-सोलापूरकडून मद्रासेस गेला, दुसरा मनमाड-भुसावळकडून उत्तरेस. पुण्याकडील पलटण वा दाणागोटा उत्तरेस न्यावयाचा तर आधी घाट उतरून कल्याणास जावे आणि पुन्हा दुसरा घाट चढावा. दौंडापासून मनमाडापर्यंत १४६ मैलांचा रूळ टाकला की हा वळसा वाचत होता. शिवाय नगरची छावणी थेट मार्गावर येत होती. सरकारने तो स्वतःच्या पैशाने बांधला आणि १८७८ साली तो खुला झाला.

आता हा रूळ कोणत्या काळात पडला ते पाहा. १८७६ चा पाऊस गेला. नगर, पुणे, सोलापूर, सातारा येथे दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर लाखो माणसे आली, आणि दौंड–मनमाडच्या मातीकामावर अशाच माणसांचे हात लागले. १८७७ च्या प्रारंभी व्हाइसरॉय लिटनने दुष्काळाची पाहणी करण्यास पाठविलेला अधिकारी सर रिचर्ड टेंपल याने खर्च कमी करण्याचे धोरण आणले. दिवसभर राबणाऱ्या माणसास एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, म्हणजे आजच्या मापाने अर्धा किलोही धान्य नव्हे! मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी, एवढ्यावर राबणारा माणूस जगत नाही, असे उघडपणे सांगितले.

पण डॉक्टरांच्या आधी उत्तर दिले ते स्वतः मजुरांनी. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागात १८७७ च्या पहिल्या काही महिन्यांत हजारो माणसांनी दुष्काळी कामे सोडली. कमी मजुरी नको आणि घरापासून दूरच्या कामावर हाकलणे नको, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आपले ‘सार्वजनिक काका’, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, गावोगावची माहिती गोळा करून सरकारकडे अर्ज केले. संघटना नाही, वर्गणी नाही, नेता नाही. पोटात अन्न नाही. आणि तरीही काम बंद. आमच्या मते महाराष्ट्रातील कामगार चळवळीच्या इतिहासाचे पहिले पान गिरणीच्या फाटकावर शोधण्याआधी या दुष्काळी खडीवर शोधले पाहिजे.

हाच टेंपल १८७७ च्या मे महिन्यापासून मुंबईचा गव्हर्नर झाला. दुसरे अफगाण युद्ध चालू होते, सिंध मुंबई इलाख्यात होता, आणि कंदाहारकडे जाणाऱ्या फौजेची रसद उंटांवर अवलंबून होती. उंट हजारोंनी मेले. तेव्हा १८७९ च्या ऑक्टोबरात सिंधमधील रुक येथून सिबीपर्यंत, ओसाड वाळवंटातून, रूळ टाकण्यास आरंभ झाला. टेंपलने त्यात जातीने लक्ष घातले. १०१ दिवसांत १३३ मैलांहून अधिक मार्ग पुरा झाला. वाळवंटात पाणीसुद्धा गाडीने पुढे न्यावे लागे. म्हणजे आज टाकलेल्या रुळावरून उद्याच्या मजुरांचे पाणी जात असे.

पुढे १८८० साली इंग्लंडात मंत्रिमंडळ बदलले आणि सिबीपुढचे काम थांबले. १८८३ साली ते पुन्हा सुरू करावयाचे ठरले, तेव्हा उघडपणे ‘लोहमार्ग’ म्हणणे अवघड होते. म्हणून कागदोपत्री त्याचे नाव ठेवले ‘हरनाई रस्ता सुधारणा योजना’! रस्ता सुधारता सुधारता १८८७ साली त्यावरून आगगाडी धावू लागली. युद्धाच्या रुळांचा खर्च लोकांपासून लपविण्याची कला किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

या अनुभवातून हिंदुस्थानच्या सैन्यात सॅपर्स अँड मायनर्सच्या खास रेल्वे कंपन्या उभ्या राहिल्या. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच २५ व २६ क्रमांकाच्या रेल्वे कंपन्या पूर्व आफ्रिकेत गेल्या आणि १९१५ साली वोईपासून जर्मन सरहद्दीच्या दिशेने त्यांनी लष्करी मार्ग टाकला. त्याच युद्धात पकडलेल्या जर्मनांना आपल्या नगरच्या तळावर आणून ठेवले होते. तेही याच दौंड–मनमाडच्या रुळावरून आले.

रूळ नसला म्हणजे काय होते, याचा दाखला मात्र मेसोपोटेमियात मिळाला, आणि तो मराठी घरांना फार महाग पडला. पुण्याचे सहावे डिव्हिजन जनरल टाउनशेंडच्या हाताखाली तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे गेले. त्यात १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. बसऱ्याहून रसद नेण्यास नदीतील थोड्या आगबोटी, एवढाच आधार. बसरा ते नासिरिया लोहमार्ग बांधावा, अशी मागणी १९१५ साली झाली होती. हिंदुस्थान सरकारने खर्चाच्या कारणाने ती नाकारली. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूत येथे फौज कोंडली. सुटकेसाठी पाठविलेल्या फौजेचे सुमारे २३ हजार लोक मारले गेले किंवा जखमी झाले. कारण धक्क्यावर माल होता, पण आघाडीवर पोहोचत नव्हता. कूतमध्ये घोडे कापून खाण्याची वेळ आली. आपल्या शिपायांनी धर्माच्या संकोचाने बरेच दिवस ते मांस नाकारले, आणि स्कर्व्हीने त्यांना गाठले. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांतील पुष्कळ जण तुर्की कैदेतून परत आले नाहीत.

यानंतर मात्र पैसा निघाला. हिंदुस्थानातून रूळ, स्लीपर, इंजिने, डबे आणि ती चालविणारी माणसे मेसोपोटेमियात गेली. बसरा–नासिरिया मार्ग १९१६ च्या अखेरीस पुरा झाला. मार्च १९१७ मध्ये बगदाद पडले. जो रूळ एक वर्ष आधी ‘परवडत नव्हता’, तोच हजारो माणसे गमावल्यावर परवडू लागला. पार्लमेंटने नेमलेल्या चौकशी मंडळाने १९१७ साली या ढिसाळपणावर कडक ताशेरे ओढले. परंतु ताशेऱ्यांनी कोणाच्या घरचा कर्ता माणूस परत येत नाही.

येथे लष्करी रेल्वे चालते कशी, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. तिच्या तुकड्यांची कामे वेगवेगळी असतात: रूळ व पूल बांधणाऱ्या, गाड्या चालविणाऱ्या, कारखान्यात इंजिने दुरुस्त करणाऱ्या आणि सामान सांभाळणाऱ्या. लोकांचा समज असा की इंजिन जितके जोरात पळेल तितकी रसद जास्त जाईल. वस्तुस्थिती निराळी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांची गाठ फक्त स्टेशनात पडू शकते. दोन स्टेशनांमधील सर्वांत लांब टप्पा ओलांडण्यास अर्धा तास लागत असेल, तर तासाला एक गाडी जाणार आणि एक येणार. दिवसाला चोवीस जोड्या झाल्या, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. मधे एक नवे क्रॉसिंग स्टेशन बांधले, तर नवे इंजिन न घेताही गाड्या वाढतात.

दुसरी अडचण शेवटच्या मालधक्क्यावर असते. तेथील हमाल दिवसाला दहा गाड्या रिकाम्या करू शकत असतील आणि तुम्ही बारा पाठविल्या, तर दोन गाड्या मागच्या स्टेशनांत अडकतात. दुसऱ्या दिवशी चार होतात. चार दिवसांत क्रॉसिंगची जागाच उरत नाही, आणि रिकाम्या वाघिणी परत येत नाहीत म्हणून भरावयास वाघिणी मिळत नाहीत. सारा मार्ग तुंबतो. म्हणून जाणता रेल्वे अधिकारी प्रथम विचारतो, ‘उतरविणारी माणसे किती?’ लढाईचा निकाल अशा रीतीने हमालाच्या पाठीपाशी येऊन थांबतो. रुळाची रुंदी बदलते तेथे तर हे दुप्पट. मनमाडला एका बाजूस ब्रॉडगेज आणि दुसऱ्या बाजूस निजामाचा मीटरगेज होता. प्रत्येक पोते एका डब्यातून उचलून दुसऱ्यात टाकावे लागे. नकाशावर तो एक ठिपका दिसतो. हमालाला मात्र ते आयुष्यभराचे ओझे होते.

दुसऱ्या महायुद्धात हेच आसामात दिसले. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर आसामचा मीटरगेज, जो चहाच्या पेट्या वाहण्यासाठी होता, तो मित्रसैन्याचा मुख्य आधार झाला. ब्रह्मपुत्रेवर पूल नव्हता. अमीनगाव येथे वाघिणी तराफ्यावर चढवून पांडूला उतरवीत. १ मार्च १९४४ रोजी कटिहार ते लेडो हा ८०४ मैलांचा मार्ग अमेरिकन लष्करी रेल्वेने चालविण्यास घेतला आणि वाहतूक झपाट्याने वाढली. अमेरिकनांच्या शिस्तीचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते योग्यही आहे. मात्र त्यांची काही हजार माणसे होती. सांधेवाले, गँगमन, फायरमन, हमाल हे हजारो हिंदी कामगार तेथेच होते आणि मलेरियात राबत होते. भारतीय रेल्वे कामगारांच्या तुकड्या इराक आणि इराणपर्यंतही गेल्या.

त्याच काळाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. सत्ताधाऱ्यांच्या अग्रक्रमात युद्ध वर होते आणि भुकेला माणूस खाली. मुंबईत १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ बोटीवरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. एकाच बोटीत स्फोटके आणि कापसाच्या गाठी भरल्या होत्या. शेकडो माणसे मेली. त्यांत बंबवाले आणि गोदी कामगार होते. आणि साताऱ्याकडे, ७ जून १९४३ रोजी, प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ पगाराची गाडी अडवून खजिना घेतला. ज्या रुळांनी साम्राज्य उभे होते, त्या रुळांची नस कोठे आहे, हे आपल्या शेतकऱ्यांच्या पोरांना नीट कळले होते.

स्वातंत्र्यानंतर रूळ आपले झाले. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादच्या कारवाईत मुख्य फौज सोलापूरकडून निघाली, दुसरी औरंगाबादच्या बाजूने गेली. नगरला चिलखती दलाचे केंद्र आले. रणगाडा लांबच्या प्रवासाला आजही सपाट वाघिणीवर चढवून नेतात. तो पट्ट्यांवर चालवीत नेला तर रस्ताही झिजतो आणि रणगाडाही. १९४९ साली टेरिटोरियल आर्मी उभी राहिली आणि तिच्यात रेल्वे कामगारांच्या तुकड्या आल्या. वर्षातील काही दिवस गणवेश घालून शिकावयाचे, एरवी आपले रेल्वेचे काम करावयाचे, आणि युद्ध आले की हजर व्हावयाचे.

१९६५ च्या युद्धात रेल्वे कामगार साध्या कपड्यांतही मागे राहिले नाहीत. ९ सप्टेंबर १९६५ रोजी राजस्थानात बाडमेरपलीकडे गडरा रोडच्या मार्गावर, आघाडीला सामान पोहोचविताना, विमानांच्या माऱ्याखाली काम करणारे रेल्वे कामगार बळी पडले. तेथे १७ जणांचे स्मारक आहे आणि दर वर्षी त्या दिवशी लोक जमतात. गुरदासपूर स्थानकात तेलाच्या गाडीला आग लागली असता चमनलाल नावाच्या फायरमनने पेटलेले डबे सोडवून वेगळे केले आणि त्यात प्राण दिले.

आणि मग १९७४ चा मे महिना. ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. बोनस हवा, कामाचे तास कमी हवेत, वेतन वाढावे, या मागण्या होत्या. इंजिनावरील माणसाला सलग किती तास राबवावे, हा त्यातील जिव्हाळ्याचा प्रश्न होता. सरकारने संप बेकायदा ठरविला, हजारो कामगारांना तुरुंगात टाकले, आणि गाड्या चालविण्यासाठी टेरिटोरियल आर्मीला पाचारण केले. २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. शत्रूशी लढताना देशाची गाडी चालू राहावी म्हणून जो गणवेश कामगाराच्या अंगावर चढविला, तोच त्याच्या सोबत्याचा संप मोडण्यासाठी वापरला गेला.

येथे आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. देशावर हल्ला झाला असता रेल्वे बंद पाडावी, असे म्हणणारा कामगार आम्हांला भेटलेला नाही. गडरा रोडने त्याचा पुरावा रक्ताने दिला आहे. गाड्या थांबल्या तर गरिबाचे धान्यही थांबते, हेही खरे आहे, आणि संप करणाऱ्याने ते विसरू नये. परंतु युद्धाच्या नावाने मिळालेला अधिकार शांततेच्या काळात मजुरीच्या तंट्यात वापरला, तर उद्या खऱ्या संकटात त्या गणवेशावरचा विश्वास उणावतो. संकटात विश्वास हीही एक रसदच आहे. ती आयत्या वेळी भरता येत नाही.

अलीकडे सरकारने रेल्वेच्या सहा टेरिटोरियल रेजिमेंटांपैकी जमालपूरची ठेवून झांशी, कोटा, आद्रा, चंदीगड आणि सिकंदराबाद येथील पाच बंद करण्याचा निर्णय घेतला. काळ बदलला, दुहेरी मार्ग आणि वीज आली, हे त्याचे एक कारण मानता येईल. तुकड्या गेल्या तरी प्रश्न जात नाही. पुढच्या युद्धातही कोणीतरी रात्री कंदील वा विजेरी घेऊन रूळ तपासणार आहे, कोणीतरी मालधक्क्यावर ओझे उचलणार आहे. आज ती माणसे पुष्कळ ठिकाणी ठेकेदाराकडची आहेत. त्यांची हजेरी कोण ठेवतो, जखमी झाल्यास भरपाई कोण देतो, हे शांततेतच ठरवून ठेवले पाहिजे. कूतच्या रुळाप्रमाणे तो खर्च माणसे गेल्यावर परवडू लागू नये.

टेंपलचे नाव ग्रंथांत आहे, वेलस्लीचे आहे, टाउनशेंडचेही आहे. एक पौंड धान्यावर दौंड–मनमाडचा भराव टाकणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील बायाबापड्यांचे नाव असलेला दगड त्या १४६ मैलांत आम्ही कोठे पाहिलेला नाही. गडरा रोडला १७ नावे जपली जातात, तर आपल्याला हे अशक्य नाही. जुन्या घरांतून आजोबा-पणजोबांच्या दुष्काळी कामाच्या, फौजेच्या आणि रेल्वेच्या नोकरीच्या आठवणी, कागद, बिल्ले अजून सापडतात. सोनईच्या वाचनालयाने आणि शाळांनी ते गोळा करून एका वहीत उतरवून ठेवावे, एवढी आमची सूचना आहे. काम थोडे आहे. मात्र ते याच पिढीत झाले पाहिजे.